वीज कोणाची, तार कोणाची

श्रीलंका चीनच्या बाजूने गेली की भारताच्या, नेपाळ दिल्लीकडे झुकला की बीजिंगकडे, असे मथळे आपण रोज वाचतो. त्यांतून फारसे काही कळत नाही, असे माझे मत दिवसेंदिवस पक्के होत चालले आहे. मोठ्यांच्या चढाओढीत सापडलेल्या लहान देशाचे खरोखर काय झाले हे पाहायचे, तर हस्तांदोलनाचे फोटो बाजूला सारून वीजखरेदीचा करार उघडावा लागतो. वीज विकत कोण घेणार, किती वर्षे आणि कोणत्या दराने. ती वाहून नेणारी तार कोणाच्या ताब्यात. इंधन कुठून येणार. कर्ज कोणत्या चलनात फेडायचे. चढाओढीतून धरणे मिळतात, कारखाने मिळतात, अणुभट्ट्याही मिळतात. हे सारे कोणासाठी चालणार, ते या कलमांत ठरते. गेल्या सत्तर वर्षांतली उदाहरणे एकापुढे एक ठेवली की ही गोष्ट स्पष्ट दिसू लागते.

सुरुवात आस्वानपासून करावी लागते, कारण पुढच्या कित्येक देशांनी धडा तिथूनच घेतला. नाईलवरच्या उंच धरणासाठी अमेरिका, ब्रिटन आणि जागतिक बँक यांनी 1955 च्या अखेरीस पैसे देऊ केले होते. इजिप्तने त्याआधीच चेकोस्लोव्हाकियामार्फत सोव्हिएत शस्त्रे घेतली होती, आणि मे 1956 मध्ये त्याने कम्युनिस्ट चीनला मान्यता दिली. 19 जुलै 1956 रोजी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलेस यांनी मदत मागे घेतली. आठवड्याभरातच, 26 जुलैला, नासर यांनी सुएझ कालव्याचे राष्ट्रीयीकरण जाहीर केले. पैसा आणि तंत्रज्ञ पुढे मॉस्कोने दिले. 1960 मध्ये काम सुरू झाले आणि 1970 मध्ये धरण उभे राहिले. जनित्रांची क्षमता 2100 मेगावॅट. सुरुवातीच्या काळात देशाची जवळपास निम्मी वीज तिथूनच येत असे. नुबियन लोकांची गावेच्या गावे पाण्याखाली गेली, आणि त्यांना परत नदीकाठी जागा मिळावी ही मागणी आजही जिवंत आहे. असे असले तरी धरण, वीज आणि कालवा हे तिन्ही इजिप्तच्या हातात राहिले. सगळ्यांच्या नशिबी हे आले नाही.

घानाचे उदाहरण म्हणूनच अधिक सावकाश पाहण्याजोगे आहे. तिथले अध्यक्ष क्वामे एन्क्रुमा यांना व्होल्टा नदीवर अकोसोंबो येथे धरण हवे होते, आणि त्यामागची कल्पना मोठी होती. घानाच्या जमिनीत बॉक्साइट आहे. ते खणायचे, देशातच त्यापासून अ‍ॅल्युमिना करायचा, धरणाच्या विजेवर त्याचे अ‍ॅल्युमिनियम करायचे आणि त्याभोवती उद्योगांची साखळी उभारायची. 1961 च्या उन्हाळ्यात एन्क्रुमा सोव्हिएत गटातल्या देशांच्या लांबलचक दौऱ्यावर गेले आणि वॉशिंग्टनमध्ये शंकाकुशंका सुरू झाल्या. नकार द्यावा तर दुसरे आस्वान घडण्याची भीती, होकार द्यावा तर डावीकडे झुकणाऱ्या नेत्याला बळ. अखेर त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये केनेडी यांनी होकार दिला. घानाने चढाओढीचा फायदा उठवला असे इथपर्यंत म्हणता येते.

आता करार पाहू. धरणाचा निम्मा खर्च घानाने स्वतः केला, उरलेल्यासाठी जागतिक बँक, अमेरिका आणि ब्रिटन यांची कर्जे. कर्जदारांना परतफेडीची हमी हवी होती, म्हणजे विजेला कायमचे मोठे गिऱ्हाईक हवे होते. ते गिऱ्हाईक म्हणजे तेमा बंदरातला व्हाल्को हा अ‍ॅल्युमिनियमचा कारखाना. त्याची मालकी कैसर आणि रेनॉल्ड्स या अमेरिकी कंपन्यांकडे. वीजदर तीस वर्षांसाठी बांधून दिलेला, जगातल्या सर्वांत स्वस्त दरांपैकी एक. धरणाच्या विजेतला निम्म्याहून अधिक वाटा या एका कारखान्याचा. आणि कच्चा माल? तो बाहेरून जहाजाने यायचा. घानाचे बॉक्साइट या कारखान्यापर्यंत पोचलेच नाही, कारण अ‍ॅल्युमिना करणारा कारखाना घानात काढायचा नाही असे कंपनीने ठरवले. ज्या साखळीसाठी एन्क्रुमांनी हा सारा घाट घातला, तिची मधली कडीच करारातून निसटली. जलाशयाखाली सातशेहून अधिक गावे गेली आणि सुमारे 80,000 माणसे उठली. त्यांच्यासाठी बांधलेल्या वसाहतींपैकी अनेकींत कित्येक वर्षे विजेचा दिवाही लागला नव्हता, ही गोष्ट मला फार अस्वस्थ करते. जानेवारी 1966 मध्ये धरणाचे उद्घाटन झाले आणि पुढच्याच महिन्यात, एन्क्रुमा परदेशात असताना, लष्कराने त्यांची सत्ता घेतली.

घानाची गोष्ट तिथे संपत नाही, आणि पुढचा भाग सहसा सांगितला जात नाही. 1983-84 च्या दुष्काळात जलाशयाची पातळी खाली गेली, व्हाल्कोला वीज देणे अशक्य झाले. त्या अडचणीत जेरी रॉलिंग्ज यांच्या सरकारने करार पुन्हा वाटाघाटीला आणला आणि 1985 मध्ये दर कितीतरी पटींनी वाढवून घेतला. मॉस्को-वॉशिंग्टन स्पर्धेने जे दिले नव्हते ते वीस वर्षांनी हिशेब मांडून बसलेल्या वाटाघाटकारांनी मिळवले. त्यांची नावे कोणत्याही शीतयुद्धाच्या इतिहासात सापडत नाहीत.

क्युबाचा प्रवास याच्या उलटा. 1960 मध्ये बेटावरच्या अमेरिकी आणि ब्रिटिश-डच मालकीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांनी सोव्हिएत कच्चे तेल शुद्ध करायला नकार दिला. सरकारने कारखाने ताब्यात घेतले, अमेरिकेने साखरेचा कोटा कापला, आणि ती साखर सोव्हिएत संघाने चढ्या भावाने घ्यायला सुरुवात केली. तीस वर्षे साखर द्यायची आणि तेल घ्यायचे, असे चालले. 1991 मध्ये गिऱ्हाईक आणि पुरवठादार एकाच दिवशी नाहीसे झाले. सिएनफुएगोसजवळच्या हुरागुआ अणुवीज प्रकल्पाचे काम 1992 मध्ये थांबले ते कायमचे, आणि 2002 नंतर निम्म्याच्या आसपास साखर कारखाने बंद झाले. आज क्युबात सगळ्या देशाचीच वीज जाते तेव्हा त्यामागे जुनी जनित्रे, इंधनाचा तुटवडा आणि अमेरिकी निर्बंध ही तिन्ही कारणे असतात. एकालाच जबाबदार धरणारे विवेचन अर्धवट असते.

आता आपल्या शेजारी येऊ. राजे महेंद्र यांनी 1960 च्या दशकात नेपाळसाठी सर्वांकडून थोडे थोडे घेण्याचे धोरण राबवले. सोव्हिएत संघाने जनकपूरला सिगारेटचा आणि वीरगंजला साखरेचा कारखाना दिला, शिवाय पनौतीला छोटे जलविद्युत केंद्र. चीनने बाँसबारीला चामड्याच्या बुटांचा कारखाना, हेटौंड्याला कापड गिरणी, हरिसिद्धीला विटांचा कारखाना आणि काठमांडूहून तिबेटच्या सीमेपर्यंतचा कोदारी रस्ता दिला. भारताने त्रिशूलीचे वीज केंद्र बांधले, आणि तराईतून काठमांडूला जाणारा रस्ता तर त्याआधीच बांधला होता. यादी वाचताना अभिमान वाटावा अशी आहे. परंतु प्रत्येक कारखान्याची यंत्रे वेगळ्या देशाची, सुटे भाग वेगळे, तंत्रज्ञ वेगळे, आणि एकाचा माल दुसऱ्याला लागत नाही. देणाऱ्यांना आपापले स्मारक हवे होते. त्या स्मारकांतून उद्योगव्यवस्था उभी राहिली नाही. 1990 नंतर काही कारखाने विकले गेले, काहींना कुलपे लागली.

नेपाळच्या विजेची कहाणी मात्र आज घडते आहे. तिथे 2016 पूर्वी हिवाळ्यात दिवसाला चौदा-सोळा तास भारनियमन असे. महाराष्ट्रातल्या ज्यांनी 2005 ते 2010 मधले भारनियमन सोसले आहे त्यांना याची थोडीफार कल्पना येईल. नंतर प्रकल्प पूर्ण होत गेले, त्यांत 456 मेगावॅटचा अप्पर तामाकोशी बहुतांशी देशातल्याच पैशावर उभा राहिला. कर्मचारी भविष्य निर्वाह निधी आणि सामान्य लोकांचे समभाग त्यात आहेत. आता पावसाळ्यात वीज जास्त होते आणि विकायची तर रस्ता एकच, दक्षिणेकडचा. उत्तरेला हिमालय आहे.

भारताने 2021 मध्ये सीमेपलीकडून वीज घेण्याचे नियम ठरवले. त्यांत चीनचे नाव कुठेही नाही. ज्या देशाची भारताशी भूसीमा आहे आणि ज्याच्याशी भारताचा वीजक्षेत्रातला सहकार्य करार नाही, त्या देशातल्या व्यक्ती वा कंपनीची प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष मालकी असलेल्या प्रकल्पातून वीज घेतली जाणार नाही, अशी ती शब्दरचना आहे. नकाशा उघडला की अर्थ कळतो. त्या नोव्हेंबरमध्ये पहिली परवानगी मिळाली ती 39 मेगावॅटला, त्रिशूली आणि देवीघाट या दोन केंद्रांच्या विजेला. दोन्ही भारताच्या मदतीने बांधलेली. पुढे परवानग्या वाढल्या आणि जानेवारी 2024 मध्ये दहा वर्षांत 10,000 मेगावॅटपर्यंत वीज घेण्याचा करारही झाला. पण ज्या प्रकल्पांत चिनी गुंतवणूक आहे त्यांना बाजार बंद राहिला, आणि अप्पर तामाकोशीसारख्या, मालकी नेपाळी पण बांधकामाचा कंत्राटदार चिनी अशा प्रकल्पांच्या विजेलाही अडथळा आला. भारताची सुरक्षेची चिंता मी हलकी मानत नाही. गलवानमधल्या भारत-चीन चकमकीनंतर ती कोणतेही सरकार बाळगेल. तरीही नेपाळी ठेवीदाराच्या पैशातून उभ्या राहिलेल्या केंद्राची वीज, भिंत कोणत्या कंत्राटदाराने बांधली यावरून नाकारणे, हे आपल्या शेजाऱ्याशी न्यायाने वागणे नाही असे मला वाटते.

या एका अटीने नेपाळच्या नद्यांवर कोण गुंतवणूक करणार तेही बदलले. पश्चिम सेतीमधून चीनची थ्री गॉर्जेस कंपनी आधीच बाहेर पडली होती, 2022 मध्ये तो प्रकल्प भारताच्या एनएचपीसीकडे आला. 1200 मेगावॅटच्या बुढी गंडकीचे हाल तर पाहवत नाहीत. 2017 मध्ये प्रचंड सरकारने तो चीनच्या गेझूबा कंपनीला दिला, काही महिन्यांत देउबा सरकारने काढून घेतला, ओली सरकारने परत दिला, 2022 मध्ये पुन्हा देउबा सरकारने काढून घेतला. या प्रकल्पासाठी म्हणून नेपाळी जनतेने पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे पाच रुपये अधिभार भरला आहे. गोरखा आणि धादिंग जिल्ह्यांतल्या ज्या कुटुंबांच्या जमिनी संपादनात गेल्या त्यांना घर दुरुस्त करावे की नवीन गावी जावे हे ठरवता येईना. नेपाळला सगळ्यांत जास्त गरज अशाच साठवण धरणाची आहे. बाकीचे बहुतेक प्रकल्प वाहत्या पाण्यावरचे, म्हणून हिवाळ्यात वीज कमी पडते आणि भारतातून घ्यावी लागते.

पारेषणाच्या तारेवरूनही वाद झाला. अमेरिकेच्या मिलेनियम चॅलेंज कॉर्पोरेशनने 50 कोटी डॉलरचे अनुदान देऊ केले होते, त्यातला मोठा भाग 400 केव्हीच्या वाहिनीसाठी होता. करार 2017 चा, संसदेची मंजुरी फेब्रुवारी 2022 ची. मधल्या काळात हा लष्करी डावपेचाचा भाग आहे की नाही यावर रस्त्यावर दगडफेक आणि अश्रुधूर झाला. 2025 च्या सुरुवातीला अमेरिकेने परदेशी मदत थांबवली तेव्हा या कामाचे पैसेही काही काळ अडकले.

न विकली गेलेली वीज गेली कुठे, याचे उत्तर काठमांडूच्या रस्त्यांवर दिसते. 2015 च्या भारत-नेपाळ सीमाकोंडीत पेट्रोल-गॅस बंद झाल्याचा अनुभव लोकांच्या मनात ताजा होता, सरकारने विजेच्या गाड्यांवरचा कर कमी ठेवला, आणि 2023-24 पर्यंत नव्या चारचाकी प्रवासी वाहनांत सुमारे 70 टक्के विजेवरची झाली. त्यांतल्या बहुसंख्य चिनी बनावटीच्या. नेपाळने आपल्या पाण्याला घरातच गिऱ्हाईक शोधले. माझ्या मते या सगळ्या कहाणीतला हा सर्वांत शहाणपणाचा निर्णय होता.

श्रीलंकेबद्दल हंबनटोटा बंदरावर इतके लिहिले गेले आहे की मी ते सोडून देतो. त्यापेक्षा जाफनाजवळची तीन छोटी बेटे पाहावीत: नेडुंतीवु, नैनातीवु आणि अनलैतीवु. तिथली वीज तेव्हा डिझेलच्या जनित्रांवर तयार होत होती. सौर आणि पवन मिळून सव्वादोन मेगावॅटच्या आसपास क्षमतेचा प्रकल्प करायचा होता, आशियाई विकास बँकेच्या पैशातून. जानेवारी 2021 मध्ये निविदेत चिनी कंपनी निवडली गेली. बेटे रामेश्वरमपासून पन्नासेक किलोमीटरवर असल्याने भारताने आक्षेप घेतला आणि कर्जाऐवजी अनुदान देऊ केले. डिसेंबर 2021 मध्ये चिनी दूतावासाने तिसऱ्या पक्षाच्या सुरक्षाविषयक चिंतेमुळे काम स्थगित होत असल्याचे जाहीर केले. मार्च 2022 मध्ये भारताशी करार झाला, बांधकामाचे कंत्राट निघायला 2024 उजाडले. सव्वादोन मेगावॅट म्हणजे आपल्याकडच्या एका मध्यम साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मितीपेक्षाही कमी. बेटावरच्या कोळ्याला बर्फ करायला वीज हवी होती, आणि त्यासाठी त्याला तीन वर्षे अधिक थांबावे लागले.

मोठ्या प्रकल्पांतही हाच खेळ आहे. नोरोच्चोलेचे 900 मेगावॅटचे कोळसा केंद्र चीनच्या कर्जावर झाले. संपूरचे भारताच्या एनटीपीसीचे कोळसा केंद्र 2016 मध्ये रद्द झाले आणि एप्रिल 2025 मध्ये त्याच ठिकाणी सौर प्रकल्पाचा आरंभ झाला. मन्नारच्या अदानी पवन प्रकल्पात स्पर्धात्मक निविदा निघाली नव्हती. नव्या सरकारने दराचा फेरविचार सुरू केला आणि फेब्रुवारी 2025 मध्ये कंपनी बाहेर पडली. चीनला एक, भारताला एक अशी वाटणी करताना निविदेची शिस्त सुटते, आणि तिची किंमत वीजबिलात येते. श्रीलंकेचे नुकसान मला इथे दिसते, कोणता झेंडा लागला यात नाही.

युरोपातली उदाहरणे तारेचे महत्त्व अधिक ठळक करतात. लिथुएनिया, लाटव्हिया आणि एस्टोनिया स्वतंत्र झाले, नाटोत गेले, युरोपीय संघात गेले. त्यांच्या विजेची वारंवारिता मात्र मॉस्कोतून सांभाळली जात होती. लिथुएनियाने युरोपीय संघाच्या अटीखातर 2009 च्या शेवटी आपला इग्नालिना अणुवीज प्रकल्प बंद केला, जो देशाची सुमारे 70 टक्के वीज देत होता, आणि त्यानंतर वीज रशियाकडूनच विकत घेतली. राजकीय बाजू बदलली म्हणून तार बदलत नाही. त्यासाठी पोलंडमार्गे नवी वाहिनी, समुद्राखालच्या केबली, नवी यंत्रणा यांवर वर्षानुवर्षे काम करावे लागले. 8 फेब्रुवारी 2025 रोजी तिन्ही देशांनी जुने जाळे सोडले आणि दुसऱ्या दिवशी युरोपच्या जाळ्याशी जोडून घेतले. गॅसबाबत क्लायपेडा बंदरात 2014 मध्ये आलेले द्रवरूप वायूचे तरंगते केंद्र असेच बोलके: ते यायच्या आधीच गॅझप्रॉमने लिथुएनियाचा दर खाली आणला. पर्याय वापरला नाही तरी तो असणे उपयोगी पडते.

ट्रान्सनिस्ट्रिया या मोल्दोव्हापासून फुटून निघालेल्या पट्ट्याने नेमका उलटा अनुभव घेतला. तीस वर्षे तिथला पोलाद कारखाना आणि वीज केंद्र जवळपास फुकट रशियन गॅसवर चालले. 1 जानेवारी 2025 रोजी युक्रेनमार्गे येणारा गॅस थांबला. अन्नपदार्थ बनवणारे सोडून सगळे उद्योग बंद झाले आणि भर थंडीत घरांतली उष्णता गेली.

इंधनाचा प्रश्न महाराष्ट्राने स्वतः अनुभवला आहे. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या 1963 च्या करारानुसार अमेरिकेने दिल्या आणि 1969 मध्ये त्या वीज देऊ लागल्या. समृद्ध युरेनियम अमेरिकाच पुरवणार होती. 1974 च्या पोखरण चाचणीनंतर आणि 1978 च्या अमेरिकी कायद्यानंतर पुरवठा अडला. 1982 मध्ये फ्रान्स पुढे आला म्हणून भट्ट्या चालू राहिल्या. भारतासारख्या देशाला त्या काळात जड पाण्याच्या भट्ट्यांचा स्वतःचा मार्ग खुला होता. बांगलादेशला रूपपूरच्या अणुवीज प्रकल्पात तसा काही पर्याय नाही: 2400 मेगावॅट, खर्चाचा 90 टक्के भाग रशियाच्या कर्जातून. 2022 च्या अखेरीस यंत्रसामग्री घेऊन आलेले उर्सा मेजर हे रशियन जहाज अमेरिकी निर्बंधांमुळे बंदरात घेता आले नाही, आणि हप्ते कोणत्या चलनात द्यायचे यावर ढाक्याला युआनपर्यंत विचार करावा लागला. युद्ध युक्रेनमध्ये आणि अडचण पद्मेच्या काठी.

या सर्वांत आपल्या अटी लादण्याचा सर्वांत धाडसी प्रयत्न इंडोनेशियाचा. तो देश लहान नाही, तरी महासत्ताही नाही. जानेवारी 2020 पासून त्याने निकेलचे अशुद्ध खनिज बाहेर पाठवणे पूर्ण बंद केले: हवे असेल तर इथे कारखाना काढा. चिनी कंपन्या सुलावेसी बेटावर मोरोवालीला त्याआधीच येऊ लागल्या होत्या. आज जगाच्या निकेलपैकी निम्म्याहून अधिक इंडोनेशियातून येते. युरोपीय संघाने जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली, 2022 मध्ये निकाल इंडोनेशियाच्या विरोधात गेला, त्याने अपील केले. घानात निसटलेली मधली कडी इथे देशात आली हे निर्विवाद. पण ते कारखाने स्वतःच्या कोळसा केंद्रांवर चालतात, तंत्रज्ञान आणि बरीच मालकी चीनकडे आहे, आणि काही अंशी त्या मालकीमुळेही अमेरिकेच्या वाहन अनुदानाची दारे त्या निकेलला बंद झाली. डिसेंबर 2023 मध्ये मोरोवालीच्या एका भट्टीतल्या स्फोटात 21 कामगार मेले. हरित गाड्यांच्या बॅटरीसाठी लागणारा धातू असा तयार होतो, हे आपण विसरता कामा नये.

सध्या माझे लक्ष कझाकस्तानकडे लागले आहे. जगातले सुमारे 40 टक्के युरेनियम तिथे निघते, पण देशात एकही अणुवीज केंद्र चालू नाही. सेमिपलातिन्स्कच्या मैदानात सोव्हिएत संघाने 456 अणुचाचण्या केल्या, म्हणून हा विषय तिथे घराघरातला आहे. ऑक्टोबर 2024 च्या सार्वमतात बहुसंख्यांनी केंद्राच्या बाजूने कौल दिला. जून 2025 मध्ये बल्खाश सरोवराकाठच्या उल्केन येथल्या पहिल्या केंद्रासाठी रशियाच्या रोसाटॉमची निवड झाली आणि दुसऱ्यासाठी चीनच्या कंपनीचे नाव पुढे आले. युरेनियम कझाक, समृद्धीकरण रशियात. ओस्केमेनच्या कारखान्यात मात्र 2021 पासून चीनसाठी इंधनाच्या जुळण्या तयार होतात आणि त्या कारखान्यात 51 टक्के वाटा कझाकस्तानचा आहे. उल्केनच्या भट्टीत जाणाऱ्या इंधनाचे किती काम त्या कारखान्याला मिळते, हे कलम करारात कसे लिहिले जाते ते मला वाचायचे आहे.